ज्या वस्तूंवर नांव नाहीं

आपल्या घरांतील मांडणीवरचें एखादें जुनें पितळेचें भांडें खालीं काढून त्याचा कांठ न्याहाळला, तर त्यावर बहुधा कोणाचें तरी नांव ठोकलेलें आढळतें. कोणाच्या मुंजींत आलेलें, कोणाच्या रुखवतांत मांडलेलें, कोणा आत्याबाईंनीं बारशाला दिलेलें, अशी त्या भांड्याची सारी कुळकथा त्या ठिपक्यांच्या अक्षरांत वाचावयास मिळते. देणाराचें नांव असतें, घेणाराचें असतें, कधीं तिथिही असते. नसतें तें एकाच माणसाचें. ज्या तांबटानें तें भांडें घडविलें त्याचें. पोट किती फुगवावें, मान किती आवळावी, कांठ कितीसा वळवावा म्हणजे धार नीट पडेल, हें कोणीं ठरविलें, याची चौकशी आपल्या आजीनें कधीं केली नाहीं. आणि आपलें नांव तेथें असावें असें त्या तांबटास वाटत होतें कीं काय, हेंही त्यास कोणीं विचारलें नाहीं.

आजच्या बाजाराची तऱ्हा नेमकी उलट आहे. सदऱ्याच्या छातीवर, पिशवीच्या दर्शनी अंगास, पादत्राणाच्या पट्ट्यावर विकणाऱ्या पेढीचें नांव ठळकपणें झळकत असतें, आणि आपण पदरचे पैसे मोजून तिची जाहिरात अंगावर वागवितों. अशा या काळांत जपानांतील एका दुकानानें आपल्या मालावर कसलीही छाप न उमटविण्याचें ठरविलें, व तो माल कल्पिणाऱ्या माणसांचीं नांवेंही ग्राहकापासून दूर ठेविलीं. कपड्याचा काप, खुर्चीची ठेवण, भांड्याचा आकार ठरविणाऱ्यास इंग्रजींत 'डिझायनर' म्हणतात. आपण त्यास रचनाकार म्हणूं. त्या दुकानाची आणि त्याच्या पडद्याआड काम करणाऱ्या रचनाकारांची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती सांगतांना एक प्रश्नही विचारावयाचा आहे. नांव नसणें हा विनय कधीं असतो, आणि अन्याय कधीं ?

बिनछापाचा उत्तम माल

या दुकानास जगभर 'मुजी' म्हणून ओळखतात. त्याचें पूर्ण नांव 'मुजिरुशी र्‍योहिन' असें असून त्या चार चित्राक्षरांचा अर्थ मराठींत करावयाचा तर 'बिनछापाचा उत्तम माल' असा होईल. १९८० च्या डिसेंबर महिन्यांत सेइयू या दुकानांच्या साखळीनें ह्या नांवाखालीं ४० जिन्नस विक्रीस मांडले. त्यांपैकीं ३१ खाण्याचे होते व ९ घरगुती वापराचे. आज लोक ज्या कपड्यांसाठीं व लांकडी सामानासाठीं या दुकानांत जातात, तें सर्व मागाहून आलें.

१९७३ च्या तेलटंचाईनें जपानांत महागाईचा भडका उडविला होता. प्रपंच काटकसरीनें करणाऱ्या गृहिणीस स्वस्त माल हवा होता. पण स्वस्त म्हणजे हलका, ही शंका तिच्याही मनांत होतीच. म्हणून या मालाच्या वेष्टनावर किंमत कमी कां, याचा खुलासा छापण्यांत आला. 'कारण आहे, म्हणून स्वस्त' अशा अर्थाचें या मालाचें ब्रीदवाक्य होतें.

तीं कारणें मोठीं मजेदार आहेत. जपानी स्वयंपाकांत शिताके नांवाची वाळविलेली अळंबी नेहमीं लागते. बाजारांत अखंड व सारख्या आकाराची अळंबी निवडून, मांडून विकीत व त्या निवडीचे पैसे ग्राहकाकडून घेत. पण घरीं आणल्यावर ती भिजवून, चिरूनच वापरावयाची ना ? मग तुटकी व लहानमोठी अळंबी एकत्र भरून दिली तर चवींत काय उणें येतें ? स्पागेटी या इटालियन शेवया दांडीवर टांगून वाळवितात. दांडीवर वांकलेला भाग कापून टाकीत. तीं वांकडीं टोकें गोळा करून मुजीनें विकलीं. कागदाचा लगदा रसायनानें पांढराशुभ्र करण्याची पायरी गाळली, तेव्हां कागद फिक्कट बदामी निघाला. तोच रंग पुढें या दुकानाची ओळख होऊन बसला. साहित्य पारखून घ्यावें, घडविण्याच्या प्रत्येक पायरीची 'ही हवी कशाला ?' म्हणून तपासणी करावी, आणि वेष्टन साधें ठेवावें, या तीन नियमांवर सारी उभारणी झाली.

हा उपक्रम ज्यांच्या छत्राखालीं निघाला ते त्सुत्सुमी सेइजी (१९२७–२०१३) हे गृहस्थही विलक्षण होते. वडील बडे उद्योगपति व जपानच्या प्रतिनिधिगृहाचे एके काळचे सभापति. पुत्र विद्यार्थिदशेंत साम्यवादी पक्षाचा सभासद! पुढें वडिलांकडून सेइबु हें भव्य वस्तुभांडार त्यांच्याकडे आलें. तेथें ते परदेशांतील नामांकित पेढ्यांचा उंची माल विकीत. त्याच वेळीं 'त्सुजीइ ताकाशी' या टोपणनांवानें ते कविता व कादंबऱ्या लिहीत, आणि त्या नांवानें साहित्यांत त्यांनीं मोठा मान मिळविला. नांवाची किंमत किती असते हें दुकानदार म्हणून जाणणारा आणि स्वतःचें नांव बाजूस ठेवून लिहिणारा असा हा मनुष्य बिनछापाच्या मालाचा प्रवर्तक व्हावा, यांत आम्हांस एक संगति दिसते.

पडद्याआडचे हात

आरंभींच्या मंडळींत तिघेजण मुख्य होते. तानाका इक्को (१९३०–२००२) हे नारा येथें जन्मलेले चित्ररचनाकार. साध्या बदामी कागदावर गडद तांबूस अक्षरें हें मुजीचें रूप त्यांच्या देखरेखीखालीं ठरलें. कोइके काझुको या विदुषीनें जाहिरातींची भाषा घडविली. १९८१ च्या एका प्रसिद्ध जाहिरातींत सॅमन माशाचें चित्र असून, हा मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळाच सॅमन आहे, एवढेंच काय तें सांगितलेलें होतें. मधला देखणा तुकडा तेवढा डब्यांत भरावयाचा व दोन्ही टोकांकडचा भाग टाकावयाचा, या चालीस तें हंसत हंसत दिलेलें उत्तर होतें. तिसरे सुगिमोतो ताकाशी. १९८३ सालीं तोक्योच्या आओयामा भागांत मुजीचें पहिलें स्वतंत्र दुकान निघालें. त्याच्या अंतर्भागाची रचना यांची. जुन्या, वापरलेल्या साहित्यांतील सौंदर्य दाखविण्याबद्दल त्यांची ख्याति होती.

हीं नांवें आज सर्वांस ठाऊक आहेत, कारण हे सल्लागार होते. परंतु प्रत्यक्ष वस्तु ज्यांनीं कल्पिल्या त्यांचीं नांवें वस्तूंवर, वेष्टनांवर, दुकानांतील पाट्यांवर सहसा आढळत नाहींत. आज मुजीच्या भांडारांत टांचणवहीपासून पलंगापर्यंत सुमारें सात हजार जिन्नस आहेत. त्यांतील बहुतेक कोणाच्या डोक्यांतून निघाले हें घेणारास कळत नाहीं. या कामांत पेढीचे स्वतःचे रचनाकार आहेत, तसे बाहेरचे नामवंतही आहेत. ब्रिटनचे जॅस्पर मॉरिसन व सॅम हेक्ट, जर्मनीचे कॉन्स्टान्टिन ग्रचिच यांसारख्यांनीं मुजीसाठीं काम केलें आहे. इतर पेढ्या यांच्या नांवावर खुर्च्या विकतात. येथें मात्र त्यांची खुर्ची इतर खुर्च्यांच्या रांगेंत मुकाट्यानें उभी राहते.

या रचनाकारांची काम करण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. ते आपल्या खोलींत बसून कल्पना लढवीत नाहींत. लोकांच्या घरीं जातात. घरच्यांची परवानगी घेऊन स्वयंपाकघर, न्हाणीघर, कपाटें यांची छायाचित्रें घेतात, आणि माणसें वस्तु कोठें ठेवितात, कोणत्या गोष्टीची अडचण मुकाट्यानें सोसतात, हें पाहतात. या पाहणींत निष्णात म्हणून फुकासावा नाओतो (जन्म १९५६) यांचें नांव घेतलें जातें. ते एक उदाहरण देतात. दारापाशीं छत्री ठेवण्यास जागा नसली, तर मनुष्य काय करतो ? जमिनीवरील फरशांच्या सांध्यांत छत्रीचें टोंक अडकवून ती भिंतीस टेकवितो. मग छत्रीसाठीं वेगळा नळकांडा कशाला ? भिंतीपासून थोड्या अंतरावर जमिनींत एक बारीक खांच पाडली कीं काम झालें. येणारास तेथें कोणी रचना केली आहे याचा पत्ताही लागत नाहीं, आणि छत्री मात्र जागच्या जागीं राहते !

याच दृष्टीनें त्यांनीं १९९९ सालीं गाण्याच्या तबकड्या वाजविणारें एक यंत्र कल्पिलें, व पुढें तें मुजीनें विक्रीस आणलें. भिंतीवर टांगण्याचा चौकोनी पांढरा ठोकळा, मधोमध उघडी तबकडी, आणि खालीं लोंबणारी एक दोरी. स्वयंपाकघरांतील धूर बाहेर टाकणारा पंखा दोरी ओढून सुरू करण्याची जपानी घरांत संवय. येथेंही दोरी ओढावयाची. तबकडी पंख्याप्रमाणें फिरूं लागते आणि वाऱ्याऐवजीं गाणें वाहूं लागतें. कसें चालवावें हें कोणास शिकवावें लागत नाहीं; हातालाच तें आधींपासून ठाऊक असतें. त्यांनीं रचलेल्या भाताच्या विजेच्या भांड्याच्या झांकणावर भातवाढी ठेवण्यास एक लहानशी जागा केलेली आहे. आमच्या वाचकभगिनींस हें वाचून हंसूं येईल. कारण भातवाढी झांकणावर ठेवण्याची युक्ति त्यांस कोणा रचनाकारानें शिकविलेली नाहीं. पण त्यांच्या हातांची ही संवय पाहून तिला मान देणें, हेंच या शास्त्राचें सार आहे.

या मालिकेंतील सर्वांत खरी निनांवी रचनाकार मात्र तोक्योची नव्हे. पायमोजे सामान्यतः घोट्यापाशीं सुमारें १२० अंशांच्या कोनांत विणतात. यंत्रास तें सोपें जातें. माणसाचें पाऊल मात्र पायाशीं काटकोन करतें, आणि म्हणून मोजा टांचेवरून घसरतो. चेक देशांतील एक आजीबाई हातानें काटकोनी मोजे विणीत असत. ते मुजीच्या मंडळींच्या पाहण्यांत आले, आणि तसे मोजे यंत्रावर विणण्याची खटपट करून २००६ सालीं त्यांनीं ते बाजारांत आणले. आज हे मोजे मुजीच्या नांवाजलेल्या मालांपैकीं एक आहेत. पायाचा खरा कोन ज्यांच्या सुईनें ओळखला त्या आजीबाई 'चेक देशांतील आजी' एवढ्याच ओळखीनें राहिल्या आहेत.

"हेंच हवें" आणि "हें पुरे"

नांव न घालण्याचीं कारणें काय ? पहिलें उघड आहे. नामवंताचें नांव घातलें कीं किंमत चढते, आणि तो चढावा वस्तूंत कोठेंच नसतो. दुसरें कारण अधिक सूक्ष्म आहे. अमक्याची खुर्ची म्हटलें कीं घेणारा खुर्चीकडे पाहावयाचें सोडून नांवाकडे पाहूं लागतो. नांव काढून घेतलें, म्हणजे त्यास स्वतः बसून पाहावें लागतें. तिसरें असें कीं, या वस्तु एकट्याच्या क्वचितच असतात. ग्राहकाची तक्रार, विक्रेत्याची सूचना, कारखानदाराचा अनुभव असे अनेक धागे त्यांत मिसळलेले असतात. एकाचेंच नांव घातलें तर बाकीच्यांवर अन्याय होईल.

तानाका यांनीं २००१ च्या सुमारास आपलें काम हारा केन्या (जन्म १९५८) यांच्याकडे सोंपविलें. हारा यांनीं या विचारास फार नेमकी भाषा दिली. जपानींत 'हेंच हवें' व 'हें पुरे' या अर्थांच्या दोन वाक्यांत एकाच अव्ययाचा फरक आहे. बाजार माणसास 'हेंच हवें' म्हणावयास शिकवितो. त्यांत हट्ट असतो. मुजीचा माल 'हें पुरे' म्हणावयास लावणारा असावा, असें हारा म्हणतात. परंतु तें 'पुरे' नाइलाजाचें असूं नये. समजून उमजून, समाधानानें म्हटलेलें असावें, आणि त्या 'पुरे' ची पातळी जितकी चढवितां येईल तितकी चढवावी, हेंच रचनाकाराचें काम.

हारा यांचें आणखी एक उदाहरण गृहिणींस पटेल. जर्मन पद्धतीच्या सुरीची मूठ हाताच्या ठेवणीप्रमाणें घडविलेली असते. आंगठा कोठें ठेवावा हें ती मूठच सांगते. जपानी आचाऱ्याच्या लांब सुरीची मूठ म्हणजे नुसता सरळ दांडा. ती कांहींच सांगत नाहीं, म्हणून कुशल हात तिला हवी तशी धरतो. पहिली सोपी आहे. दुसरी 'रिकामी' आहे, आणि त्या रिकामपणांत वापरणाराच्या कौशल्यास जागा आहे. २००३ सालीं हारा यांनीं मुजीसाठीं जीं भित्तिचित्रें काढविलीं, त्यांत बोलिव्हियांतील उयुनीच्या मिठाच्या मैदानाचें क्षितिज आहे, त्यापुढें एक ठिपक्याएवढा मनुष्य आहे, आणि चार चित्राक्षरें. विकाऊ वस्तु एकही नाहीं !

अज्ञात कारागिराचा वारसा

या विचाराचें मूळ शोधीत गेलें म्हणजे आपण यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) या तत्त्वचिंतकाशीं येऊन पोंचतों. श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठीं नांवाजलेल्या कलावंतांनीं केलेल्या वस्तूंपेक्षां, रोजच्या वापरासाठीं अज्ञात कारागिरांनीं पुष्कळ संख्येनें केलेल्या वस्तूंत अधिक निरोगी सौंदर्य असतें, असें त्यांचें प्रतिपादन होतें. अशा लोककलेस त्यांनीं व त्यांच्या मित्रांनीं 'मिंगेइ' हा शब्द योजिला, आणि १९३६ सालीं तोक्योच्या कोमाबा भागांत तिचें संग्रहालय उघडलें. क्योतोच्या दाइतोकुजी मठांत 'किझाएमोन' नांवाचा एक चहाचा वाडगा राष्ट्रीय ठेवा म्हणून जपून ठेविला आहे. त्यावर यानागींनीं लिहिलें आहे. हा वाडगा मूळचा कोरियांतील. एका सामान्य कुंभारानें सामान्य माणसाच्या वापरासाठीं केलेला. करतांना त्याच्या मनांत सौंदर्याचा विचारही नव्हता, आणि म्हणूनच तो सुंदर झाला, असें यानागींस वाटे. त्यांचे कुंभार मित्र हामादा शोजी हे पुढें आपल्या भांड्यांवर सही करीतनासे झाले. दुसरे मित्र कावाइ कान्जिरो यांनीं तर सरकारनें देऊं केलेला सन्मानही नाकारला. वर ज्यांचें वर्णन आलें ते फुकासावा २०१२ सालीं याच संग्रहालयाचे संचालक झाले. म्हणजे हा वारसा आम्हीं केवळ तर्कानें जोडलेला नाहीं.

आपल्या देशाकडेही या दृष्टीनें एकदां पाहिलें गेलें होतें. १९५८ सालीं चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्यानें भारत सरकारच्या निमंत्रणावरून अहवाल लिहिला. त्यांतून पुढें १९६१ सालीं अहमदाबादेची राष्ट्रीय संस्था निघाली. त्या अहवालांत त्यांनीं सर्वांत अधिक गौरविलेली भारतीय वस्तु म्हणजे आपला साधा लोटा ! डोक्यावर किंवा कमरेवर तो कसा बसेल, भरला व रिकामा तोल कसा राहील, आंत हात घालून घांसतां येईल कीं नाहीं, अशा असंख्य प्रश्नांचीं उत्तरें त्यांत सांठलेलीं आहेत, व तीं कोणा एकानें नव्हे तर पिढ्यान्पिढ्यांनीं दिलेलीं आहेत, असा त्यांचा आशय होता.

तरी पण येथें थांबून एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. कोरियाच्या कुंभाराचें नांव हरवलें आहे. फुकासावांचें नांव राखून ठेवलेलें आहे. पहिल्यास निवड नव्हती. दुसऱ्यास नांव सांगावें कीं न सांगावें हें ठरवितां येतें, मोबदला ठरवितां येतो, आणि मुजीच्या बाहेर त्यांची कीर्ति अबाधित राहते. दोघांसही 'निनांवी' म्हणावयाचें तर तो एकच शब्द दोन अगदीं निराळ्या स्थितींस लावल्यासारखें होतें.

नांव नसलेल्याचें नांव

शिवाय, नांव टाकतों म्हटल्यानें टळत नाहीं. भिंतीवरचें तें गाणारें यंत्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत गेलें, तेव्हां त्याखालीं रचनाकाराचें नांव लिहावेंच लागलें. दुकानास निनांवी वस्तु चालते, संग्रहालयास चालत नाहीं. दुसरीकडे, ज्याची छाप नाहीं तो माल लोक लांबून ओळखूं लागले. बदामी कागद व कोरा कपडा हीच छाप झाली. १९९१ सालीं लंडनमध्यें परदेशांतील पहिलें दुकान निघालें. आज जपानांत व बाहेर मिळून हजारावर दुकानें आहेत.

या विसंगतीचें शिखर चीनमध्यें गाठलें गेलें. तेथें कापड, टॉवेल, पलंगपोस या वर्गांतील मालासाठीं हींच चार चित्राक्षरें दुसऱ्याच एका चिनी पेढीकडे नोंदलेलीं होतीं. खटला चालला, आणि २०१९ सालीं बेजिंगच्या उच्च न्यायालयानें जपानी पेढीविरुद्ध निकाल कायम केला. सुमारें ६ लक्ष २६ हजार युआन भरण्याचा व माफी मागण्याचा तिला हुकूम झाला. 'आमच्या मालास नांव नाहीं' असें सांगणारी पेढी त्याच नांवाच्या मालकीसाठीं भांडली आणि हरली !

निनांवीपण म्हणजे यशाची हमी नव्हे, हेंही तिला कळून चुकलें होतें. २००१ च्या पहिल्या सहामाहींत तिला ३८० कोटि येनांची तूट आली. त्या सुमारास प्रमुख झालेले मात्सुइ तादामित्सु यांनीं न खपलेल्या कपड्यांचे ढीग निइगाता येथें जाळून टाकविले. मग दुकानांतील प्रत्येक कामाची रीत लिहून काढण्याचा त्यांनीं उद्योग आरंभिला, व त्यांतून तेरा खंडांचा, सुमारें दोन हजार पृष्ठांचा ग्रंथ झाला. दुकानांतील नोकरांच्या सूचनांवरून तो वारंवार सुधारला जात असे. एवढ्या मोठ्या ग्रंथाचे कर्ते म्हणजे फडताळें लावणारीं व हिशेब करणारीं साधीं माणसें.

निनांवीपण कोणाचें ?

आतां आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊं. रचनाकाराच्या हातून वस्तु सुटली कीं ती कापूस वेंचणारा, सूत काढणारा, शिवणारा, भाजणारा अशा किती तरी हातांतून जाते. या हातांचें निनांवीपण कोणीं निवडलेलें असतें ? कपड्याच्या कॉलरमागें शिवलेल्या पट्टीवर फार तर देशाचें नांव असतें. कारखाना कोणता, दिवसाचे तास किती, मजुरी काय, यांतलें अक्षरही नसतें. ही गोष्ट एकट्या मुजीची नाहीं. साऱ्या वस्त्रव्यापाराची आहे. परंतु 'कारण आहे, म्हणून स्वस्त' असें म्हणणाऱ्या पेढीस लोक त्या कारणांविषयीं अधिक खोलांत विचारणार, हेंही रास्तच. २०१९ सालीं मुजीनें आपल्या कांहीं कपड्यांची जाहिरात चीनच्या शिन्जियांग प्रांतांतील उत्तम कापूस म्हणून केली, तेव्हां तिच्यावर बरीच टीका झाली. कारण त्या प्रांतांतील उइगुर लोकांस सक्तीनें राबविलें जातें, असा आरोप जगभर होत होता. पेढीनें पुढें आपली बाजू मांडली व आपल्या चौकशींत गंभीर दोष आढळला नसल्याचें सांगितलें. त्या वादाचा निवाडा करणें हा आमचा अधिकार नव्हे. पण अळंबी तुटकी कां हें वेष्टनावर छापणाऱ्यांकडून कापूस वेंचणारा कोण हेंही ग्राहक विचारणार, एवढें त्यावरून उघड झालें.

२०१६ सालीं मुजीचें भारतांतील पहिलें दुकान मुंबईंत निघालें. जागा लोअर परळची. जेथें एके काळीं फीनिक्स गिरणी चालत असे, त्या आवारांतील वस्तुभांडार. हा योगायोग आम्हांस विचारांत पाडणारा वाटतो. परळ-लालबागच्या गिरण्यांतून कोंकणांतून व घाटावरून आलेल्या माणसांनीं पिढ्यान्पिढ्या कापड विणलें. ताग्यावर गिरणीची छाप असे. साच्यापाशीं उभ्या असलेल्या माणसाचें नांव हजेरीपुस्तकाबाहेर कोठेंच नसे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हां त्या माणसांपैकीं बहुतेकांचीं नांवें त्या पुस्तकांबरोबरच गेलीं. त्याच भूमीवर निनांवी कापड हें सुसंस्कृत अभिरुचीचें लक्षण म्हणून मांडलें जावें, हें त्या दुकानाचें पाप नव्हे. पण तेथें जाणारानें हा इतिहास ठाऊक करून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

यावरून मुजीच्या रचनाकारांचें मोल आम्ही कमी लेखितों, असें कोणीं समजूं नये. फरशीच्या सांध्यांत छत्री टेकविणाऱ्या माणसाकडे आदरानें पाहणें, त्याच्या हाताच्या संवयीस शरण जाणें, आणि त्याचें काम सोपें करून स्वतः दिसेनासें होणें, ही साधना लहान नाहीं. आपल्या कीर्तीस इतकें आवरून धरणारीं माणसें कोणत्याही काळांत थोडींच असतात. आमचें म्हणणें एवढेंच कीं, स्वतःचें नांव मागें घेण्यांत जो मोठेपणा आहे, तो दुसऱ्याचें नांव गाळण्यास आपोआप प्राप्त होत नाहीं. रचनाकारानें खुशाल पडद्याआड राहावें. पण जबाबदारी पडद्याआड जाऊं नये.

गृहिणीच्या हातांत या बाबतींत वाटतें त्याहून अधिक सत्ता आहे. सेइयूच्या दुकानांत त्या जपानी बायका तुटक्या अळंबीची पुडी उचलून 'कां बरें स्वस्त ?' असें मनाशीं म्हणाल्या, आणि त्यांस उत्तर देण्यासाठींच हा सारा खटाटोप उभा राहिला. पुढच्या खेपेस साधा, कोरा, देखणा असा एखादा सदरा आपल्या हातीं येईल, तेव्हां आपणही तोच प्रश्न विचारावा, आणि त्यास आणखी एक प्रश्न जोडावा : हा कोणीं शिवला ? दुकानदारापाशीं उत्तर नसेल. पण पुष्कळ घरांतून पुष्कळ वेळां विचारलेल्या प्रश्नास व्यापारी फार दिवस निरुत्तर राहूं शकत नाहींत, हें त्या पुडीवरच्या छापील ओळींनीं दाखवून दिलेंच आहे.